ठेवणीतले बूट

पाऊस पुरता गेला की आमच्या नेरुळच्या बाल्कनीत सकाळी नऊ ते अकरा असं दोन तास ऊन येतं. चार महिने त्याचा पत्ता नसतो, आणि थंडी पडली की ते समोरच्या टॉवरमागे जाऊन बसतं, उन्हाळ्यात छपरावरूनच निघून जातं. म्हणजे वर्षाकाठी हा महिना-सव्वा महिना काय तो आमचा. सोसायटीतले लोक याला ऑक्टोबर हीट म्हणून नावं ठेवतात, लिफ्टमध्ये भेटले की मान पुसत ‘काय उकडतंय हो’ म्हणतात. मीही ‘हो ना’ म्हणते, उगाच वाद कशाला. मनातून मात्र मी खूश असते. ज्यांच्या घरात सत्तावीस जोड बूट आहेत त्यांनाच ऊन म्हणजे काय ते कळतं.

सत्तावीस जोड माझे नव्हेत हो. माझ्या मुलीचे, मुक्ताचे. मुक्ता ऐरोलीत एका कंपनीत नोकरी करते आणि उरलेल्या वेळात बूट जमवते. तिच्यासमोर बूट म्हटलेलं चालत नाही. ‘आई, स्नीकर्स म्हण ना!’ पण मी पंचवीस वर्षं शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून काढली आहेत. परीक्षानळीला मी परीक्षानळीच म्हणते आणि बुटाला बूट. तिचे निम्मे जोड जुने आहेत. कुणीतरी वापरून कंटाळलेले, पण आता कुठेच मिळत नाहीत म्हणून शौकिनांत भाव असलेले. ती ते शोधून घरी आणते आणि धुऊन, घासून, चिकटवून पुन्हा उभे करते. सुरुवातीला मी कपाळाला हात लावला होता. दुसऱ्याच्या पायातले बूट घरात आणायचे आणि दात घासायच्या ब्रशने घासायचे! आता मीच घासते. तिच्यापेक्षा बरे घासते, असं तिच्या मैत्रिणी म्हणतात.

त्याचीही एक रीत आहे. नाड्या आधी काढून कोमट पाण्यात टाकायच्या. तळ पहिल्यांदा घासायचा, वरचं चामडं नंतर, कारण तळाचं काळं पाणी वर उडतं. मखमलीसारखं लवदार चामडं असेल तर पाण्याचा थेंब लावायचा नाही, शाळकरी खोडरबराने डाग काढायचा. मग आत कागदाचे बोळे भरून सावलीत ठेवायचे. वर्तमानपत्र चालत नाही, शाई लागते. मी शाळेच्या रद्दीत निघालेल्या कोऱ्या पुरवण्या आणते. आणि ‘खाऊ नका’ लिहिलेल्या ओल शोषणाऱ्या त्या पांढऱ्या पुड्या असतात ना, औषधाच्या बाटलीत, नव्या पर्समध्ये, त्या तर मी सगळ्या नातेवाइकांकडून गोळा करते. कुणाच्या घरी गेले की निघताना पुडी मागते. जाऊबाई म्हणतात, आमच्या हिला हळदीकुंकवाचं वाण नको, पुड्या हव्यात.

आमच्याकडे स्वयंपाकाला शेजारच्या शिरवणे गावातल्या सुमनताई येतात. पहिल्यांदा त्यांनी हॉलमध्ये काचेच्या कपाटात ओळीने मांडलेले बूट पाहिले, तेव्हा त्या पदर खोचायचं विसरून उभ्याच राहिल्या. “बाय, हे पायान घालाचं हाय का देव्हाऱ्यान ठेवाचं हाय?” मी हसून त्यांना पिठाचा डबा काढून दिला.

याच उन्हाच्या दिवसांत माझ्या रेशमी साड्याही कपाटाबाहेर निघतात. त्यांना थेट ऊन नाही दाखवायचं. पंखा लावून पलंगावर पसरायच्या, वारा लागू द्यायचा आणि पुन्हा ठेवताना घडी बदलायची. जुन्याच घडीवर वर्षानुवर्षं ठेवली तर रेशीम त्या रेघेवर चिरतं. हे आईने शिकवलं. आमच्याकडे नवी साडी आली की ती आधी बहिणीला नाहीतर नणंदेला घडी मोडायला द्यायची पद्धत होती. प्रेमाच्या माणसाने एकदा अंगाला लावली की मग आपण नेसायची. माझ्या किती साड्यांच्या घड्या माझ्या नणंदेने मोडल्या आहेत! एवढं सगळं कळत असलेल्या बाईने बुटांच्या बाबतीत काय केलं, ते ऐका.

गेल्या वर्षी असाच साड्यांचा पसारा मांडून बसले होते. दसरा होऊन गेला होता, दिवाळीची सुट्टी नुकतीच लागली होती. फोन वाजला. माझा धाकटा भाऊ, सुहास. तो बोटीवर नोकरीला. विशीत खलाशी म्हणून लागला, तो वर्षातले आठ-नऊ महिने पाण्यावरच. एवढ्या वर्षांत भाऊबीजेला तो घरी असल्याचं मला आठवत नाही. सुट्टीत यायचा तोही पावसाळ्यात, आमच्याकडे उभ्याउभ्या भेटून चिपळूणला जायचा.

“ताई, झालं एकदाचं,” तो म्हणाला. “बोट सोडली. आता कायमचा जमिनीवर. यंदा भाऊबीजेला तुझ्याकडे येतोय.”

मला इतका आनंद झाला की मी हातातली पैठणी तशीच छातीशी धरली. काय करू, बासुंदी की श्रीखंड, असं विचारत होते. तो म्हणाला, “काहीही कर. पण एक काम करायचं. ते बूट घालून मला एकदा खेळून दाखवायचं. इतकी वर्षं नुसतं फोनवर ऐकतोय.”

“हो, त्यात काय,” मी म्हटलं आणि फोन ठेवून पलंगावर बसले.

आता हे बूट कुठले ते सांगायला हवं. चिपळूणला कॉलेजात असताना मी बास्केटबॉल खेळायचे. खोटं वाटतंय? आमच्या घरातही कुणाला खरं वाटत नाही. उंची बेताचीच होती, पण हात मोकळा होता आणि पायांत चाक लावल्यासारखी पळायचे. कॅनव्हासचे बूट असायचे, अंगठ्याशी फाटलेले, मॅचच्या आदल्या दिवशी खडू भिजवून पांढरे केलेले. सुहास माझ्याहून पाच वर्षांनी लहान. तो माझ्या प्रत्येक मॅचला यायचा आणि घसा बसेपर्यंत ओरडायचा. माझ्या त्या फाटक्या बुटांची त्याला माझ्यापेक्षा जास्त लाज वाटायची. ‘ताई, मी तुला खरे बूट आणीन,’ म्हणायचा.

आणि आणले. बोटीवर लागल्यावर पहिल्या फेरीत, पहिल्या पगारात, अमेरिकेतल्या कुठल्याशा बंदरावर. स्वतःला साधा शर्टही न घेता. पांढरेशुभ्र, घोट्याच्या वर येणारे, लाल पट्टीचे बास्केटबॉलचे बूट. दुसऱ्या बोटीवरचा त्याचा एक सोबती न्हावा शेव्याला उतरून घरी निघाला होता, तो वाट वाकडी करून आमच्याकडे खोका देऊन गेला. मी तेव्हा सातव्या महिन्यात होते. पाय असे सुजले होते की ह्यांच्या चपलासुद्धा होत नव्हत्या. बूट हातात घेतले, वास घेतला, गालाला लावले आणि रडले. मग खोका बंद केला. म्हटलं, बाळंतपण होऊ दे.

बाळंतपण झालं. मुक्ता झाली. मग दात, पाय, गोवर, बालवाडी. मग माझी शाळेतली नोकरी. सासूबाई होत्या, त्यांचं दुखणं होतं. बास्केटबॉल कुठल्या वेळात खेळणार आणि कुणाशी? आणि ते बूट घालून भाजी आणायला जाण्याइतके साधे नव्हते. एवढे देखणे, एवढ्या लांबून आलेले, ते असे रोजच्याला काढायचे? काहीतरी निमित्त येऊ दे, म्हटलं. ते पैठणीच्या शेजारी गेले. ठेवणीतले झाले.

पहिला फोन आला तेव्हा मुक्ता तीन महिन्यांची होती. कुठल्यातरी बंदरावरून, आवाज येतोय जातोय. “ताई, बूट कसे होतात?” मी काय सांगणार होते? बाळंतिणीच्या खोलीत, शेगडीच्या धुरात, ‘अजून पायात घातले नाहीत रे’ असं सांगणार होते? एवढ्या लांबून विचारणाऱ्या पोराला? म्हटलं, “एकदम मापात! डॉक्टरांनी परवानगी दिली की खेळणार.”

इथपर्यंत ठीक होतं. पण पुढच्या भाऊबीजेला त्याने विचारलं, “खेळलीस?” आणि मी म्हटलं, “हो तर.” त्याने विचारलं, “कुणाशी?” मग मला मॅच रचावी लागली. एक खोटं बोललं की त्याला हातपाय फुटतात, तसं झालं. पुढे शाळेत लागल्यावर तर बरंच झालं, शिक्षक-कर्मचाऱ्यांची टीम तयार केली मी. म्हणजे मनातल्या मनात. वाशीच्या शाळेत एक ताडमाड उंच मॅडम घातली, ती माझी कायमची वैरी. सीवूड्सच्या ग्राउंडवर चिखल केला. एका मॅचला पाय मुरगळवून घेतला. फोनवर बोलत असताना सासूबाई पलीकडून ऐकायच्या आणि फोन ठेवल्यावर म्हणायच्या, “सूनबाई, तू कधी गेली होतीस गं खेळायला?” मी म्हणायचे, “नाटक आहे शाळेत, त्याची तालीम.”

पुढे व्हिडिओ कॉल आले आणि माझी पंचाईत झाली. सुहास म्हणाला, “दाखव की बूट.” मी कपाटातून काढून मोबाईलसमोर धरले. “अरे वा! अजून नव्यासारखे दिसतायत!” मी म्हटलं, “निगा राखते.” तेव्हा तोही हसला, मीही हसले. आज आठवलं की कानाच्या पाळ्या गरम होतात.

तर गेल्या ऑक्टोबरात तो फोन ठेवल्यावर मी कपाटाच्या तळाशी हात घातला. प्लॅस्टिकची पिशवी, तिच्या आत दुसरी पिशवी, तिच्या आत खोका, खोक्यात डांबरगोळ्या. झाकण उघडते तोच मुक्ता खोलीत आली. आली ती दारातच थांबली. मग हळूच माझ्याजवळ जमिनीवर बसली आणि आवाज खाली आणून म्हणाली, “आई, हे आपल्या घरात कधीपासून आहेत?”

“तुझ्या जन्माच्या दोन महिने आधीपासून.”

“आणि तू मला सांगितलं नाहीस? मी असे बूट फक्त फोटोत बघितलेत गं!”

मग मी तिला सगळं सांगितलं. खोट्या मॅचेससकट. ती आधी पोट धरून हसली, मग माझा चेहरा बघून थांबली. तिने बूट उचलला, खिडकीशी नेला. पांढरा तळ पार पिवळा पडला होता, जुन्या पियानोच्या पट्ट्यांसारखा. तिने अंगठ्याने हलकेच दाबलं. अंगठा काढला तरी खड्डा तसाच राहिला, आणि त्याच्या कडेने बारीक चीर गेली.

“आई, हा तळ मेलाय.”

“म्हणजे?”

“आतला फोम हवेतली ओल पितो आणि आतल्या आत कुजतो. वरून काही दिसत नाही. अधूनमधून घातले असतेस ना, तर टिकले असते. चालताना तळ दाबला जातो, ओल बाहेर पडते. नुसता ठेवला की संपला. त्यात तू प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेस, त्यात डांबरगोळ्या!”

“साड्यांना घालतातच की डांबरगोळ्या.”

“साड्यांना तळ असतो का, आई?”

शेजारी पलंगावर माझ्या साड्या पसरल्या होत्या, एकेकीची घडी बदलून झाली होती. दरवर्षी न चुकता. त्यांच्या पायथ्याशी तो खोका इतकी वर्षं होता आणि त्याला एकदाही वारा दाखवावा असं मला सुचलं नाही. जपते आहे, जपते आहे, म्हणत मी ते मारले. मला खूप वाईट वाटलं, अगदी घरातल्या कुणाच्या तरी दुखण्याकडे दुर्लक्ष केल्यासारखं.

आमच्या पिढीचं हे असंच. सिडकोच्या घरात आलो तेव्हा सोफ्यावरचं प्लॅस्टिक आम्ही चार वर्षं काढलं नव्हतं. पाहुण्यांसाठी म्हणून घेतलेला कपांचा सेट पाहुण्यांनाही दिला नाही, कारण पाहुणे नेहमीचेच होते. रिमोटला पिशवी, मिक्सरला टोपी, चांगली चादर कपाटात. आमचे हे न्हावा शेव्याला कंटेनर यार्डात काम करतात, रोज लोखंडी टोकाचे सेफ्टी बूट घालून. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “अगं, बूट म्हणजे पायाला लागू नये म्हणून. सांगून टाक त्याला. भाऊच आहे तुझा.” सांगून टाक! पहिला पगार उधळून आणलेली वस्तू मी पायात घातलीच नाही, आणि वर दरवर्षी त्याला बनवलं, हे त्याच्या तोंडावर कसं सांगायचं? बोट सोडून घरी आलेल्या माणसाला पहिल्याच भाऊबीजेला हे ताट वाढायचं?

“आठ दिवस आहेत,” मुक्ता म्हणाली. “दिसायला तरी करू ठीक.”

ते आठ दिवस माझ्या आयुष्यातल्या चांगल्या दिवसांपैकी होते, हे मी अगदी उघड सांगते.

पिवळा तळ पांढरा करायला हायड्रोजन पेरॉक्साइड लागतं आणि ऊन लागतं. पार्लरमध्ये केसांचा रंग उतरवायला जी घट्ट क्रीम लावतात, त्यात तेच असतं. मुक्ता ती तशीच हाताने फासायला निघाली. मी तिच्या हातातून डबा काढून घेतला. “पंचवीस वर्षं मी पोरांना पेरॉक्साइड हाताळायला शिकवलंय. हातमोजे घाल. चष्मा लाव. चामड्यावर चिकटपट्टी लाव आधी, नाहीतर लाल पट्टी गुलाबी होईल.” ती माझ्याकडे बघतच राहिली. घरात बुटांविषयी तिला काही सांगणारं आजवर कुणी नव्हतं. मग आम्ही ब्रशने क्रीम लावली, वरून पोळ्या गुंडाळायचा पारदर्शक कागद घट्ट लपेटला म्हणजे ती वाळत नाही, आणि बूट बाल्कनीत ठेवले. दर अर्ध्या तासाने फिरवायचे, नाहीतर एक बाजू पांढरी आणि एक पिवळी राहते.

अकराला बाल्कनीतलं ऊन गेलं की सेक्रेटरींकडून किल्ली घेऊन गच्चीवर. सेक्रेटरी म्हणाले, “पापड का हो?” मी म्हटलं, “पापडच.” गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या सावलीत आम्ही दोघी चटई टाकून बसायचो आणि समोर उन्हात बूट. कावळ्यांना त्या चकाकत्या कागदाचं भारी कौतुक. एकाने तर वाळत घातलेली नाडी उचलली आणि शेजारच्या इमारतीच्या कठड्यावर नेऊन बसला. मुक्ता खाली पळत जाऊन, तिथल्या वॉचमनला पटवून, नाडी परत घेऊन आली. ती पुन्हा धुतली.

गच्चीवरून एमआयडीसीची धुराडी दिसायची, लांब खाडीची चकाकती रेघ. मुक्ता मला विचारायची आणि मी सांगायचे. चिपळूणचं ग्राउंड, पावसात निसरडं होणारं सिमेंटचं कोर्ट, रत्नागिरीला जिल्ह्याची मॅच, एसटीतून परत येताना गायलेली गाणी. आमच्या सरांनी स्कर्टऐवजी हाफ पँट घालायला सांगितल्यावर अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, धरलेला अबोला. ती ऐकत होती आणि मध्येच म्हणाली, “आई, तू मला हे कधी सांगितलं का नाहीस?”

“तू कधी विचारलंस?”

“मला काय माहीत विचारायचं असतं!”

हेही खरंच. तिला फक्त मी माहीत होते, डबे भरणारी, पेपर तपासायला बसलेल्या मॅडमना चहा देणारी, गुडघ्याला तेल लावणारी. सत्तावीस जोडांपैकी प्रत्येकाचा इतिहास तिला पाठ होता, कुठल्या साली निघाला, कुणी घातला. माझाच काय तो राहिला होता. तिने त्या दुपारी मला उठवून गच्चीवर हात कसे धरायचे ते दाखवायला लावलं. चेंडू नव्हता, तर कलिंगडाएवढी उशी घेतली. खालच्या मजल्यावरच्या काकू कपडे वाळत घालायला आल्या आणि आल्या पावली परत गेल्या.

चौथ्या दिवशी तळ पांढरा झाला. दुधासारखा नाही, पण साईसारखा. मुक्ताने चामड्यावरच्या चिरा भरल्या, रंगाचा हात दिला, सुटलेल्या कडांत सुईने गोंद सोडला आणि सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी आवळून ठेवलं. सहाव्या दिवशी पट्ट्या सोडल्या. काय सांगू, खोका आला त्या दिवशी दिसले होते तसे दिसत होते. मी पायात घालायला पुढे झाले तर ती ओरडली, “नको! एकेक पाऊल मोजून आहे त्यांचं. आतून काही बरं झालेलं नाही, आपण फक्त तोंड धुतलंय. आई, ऐक, आपण ते काचेत ठेवू. मामाला सांगू, आता फार मौल्यवान झालेत, घालत नाही.”

मोह झाला. खोटंही ठरलं नसतं आणि खरंही सांगावं लागलं नसतं. पण त्याला बूट बघायचे नव्हते, मला खेळताना बघायचं होतं. आणखी एक खोटं मला सुचलंही असतं, मी त्यात तरबेज आहे. पण जिभेवर येईना. म्हटलं, “घालणार. जे होईल ते होईल.”

“मग पाच मिनिटं,” मुक्ता म्हणाली. “आणि उडी मारायची नाही.”

भाऊबीजेला सुहास सकाळीच आला. डोक्यावर केस राहिले नव्हते, होते ते पांढरे. ओवाळताना त्याच्या कपाळावर कुंकू लावायला हात वर नेला आणि मला तो घसा बसलेला पोरगा दिसला. मी अक्षता टाकल्या. बासुंदी-पुरी झाली, गप्पा झाल्या, हे आणि तो दोघे हॉलमध्ये घोरून उठले. पाचला तो म्हणाला, “चल.”

आमच्या सेक्टरच्या बागेत बास्केटबॉलचं कोर्ट आहे. फराळाचे दिवस, सगळे कुणाकुणाकडे गेलेले, कोर्ट रिकामं होतं. मी पंजाबी ड्रेस घालून बाकावर बसले आणि पहिल्यांदा ते बूट पायात घातले. थोडे सैल वाटले. म्हटलं, वयाने माणूस आकसतं म्हणतात, पायही आकसत असतील. नाड्या करकचून आवळल्या. मुक्ता शेजारच्यांकडून मागून आणलेला चेंडू घेऊन उभी होती, तिच्या चेहऱ्यावर परीक्षेला बसल्यासारखा घाम होता.

चेंडू एकदा आपटला, दोनदा आपटला आणि हाताला ओळख पटली. कशी ते विचारू नका. मी कडेने फेरी मारली, गुडघा कुरकुरला, त्याला म्हटलं थांब रे बाबा. सुहास रिंगखाली उभा राहून ओरडायला लागला, “ताई! ताई! ताई!” पन्नाशीजवळचा बाप्या माणूस, पोट सुटलेला, दोन्ही हात वर करून. आणि मी पाच मिनिटं विसरले, मुक्ता विसरले, रिंगकडे बघितलं आणि उडी मारली.

चेंडू कुठे गेला ते मी पाहिलंच नाही. खाली आले तेव्हा पायाखाली खारी बिस्किटावर पाय पडावा तसा आवाज झाला. डाव्या बुटाचा तळ सुटून मागे राहिला होता आणि उजव्याचा सगळीकडे चुरा. पांढरा, पिवळा, बारीक चुरा. मी दोन पावलं टाकली तर आणखी सांडला. मुक्ताने तोंडावर हात ठेवला.

मला रडू फुटलं. “सुहास, मी हे कधी घातलेच नाहीत रे. एकदाही नाही. त्या सगळ्या मॅचेस खोट्या. मी तुला इतकी वर्षं फसवलं.”

“मला माहीत आहे,” तो म्हणाला.

मी मुक्ताकडे वळून बघितलं. तिने जोरजोरात मान हलवली.

“तिने नाही सांगितलं.” तो माझ्यासमोर कोर्टवरच बसला आणि माझ्या नाड्या सोडायला लागला. “ताई, हे बूट तुला दोन नंबर मोठे आहेत. दुकानात तुझा नंबरच मला माहीत नव्हता. माझ्या पायात घालून बघितले आणि म्हटलं, ताईचा पाय थोडा लहान, एक नंबर कमी द्या. बोटीवर परत आल्यावर तुझ्या एवढ्याशा चपला आठवल्या आणि डोक्यात उजेड पडला, केवढी चूक केली ते. तोवर सोबत्याबरोबर पाठवूनही झाले होते. ठरवून बसलो होतो, फोनवर ताई म्हणेल मोठे होतायत, की दुसरे घ्यायचे. आणि तू म्हणालीस, एकदम मापात.”

“म्हणजे पहिल्याच फोनला…”

“पहिल्याच फोनला.”

मला लाज वाटली, हसू आलं आणि रागही आला, सगळं एकदम. “मग दरवर्षी कशाला विचारत होतास मेल्या? मजा बघत होतास माझी?”

तो तळहाताने चुरा एका बाजूला गोळा करत राहिला. मग म्हणाला, “तिकडे महिना महिना नुसतं पाणी दिसायचं, ताई. बंदराला लागलं की फोनसाठी ही रांग. घरून सगळे सांगायचे, कोण आजारी आहे, कुणाचं काय अडलंय. तू एकटी मला मॅच सांगायचीस. मी बोटीवर परत जाऊन सगळ्यांना सांगायचो, आमची ताई जिंकली.”

त्याने माझ्या पायांतून बूट ओढून काढले आणि शेजारी ठेवले. मोज्यांतून सिमेंट दिवसभराच्या उन्हाने अजून कोमट लागत होतं. मुक्ता येऊन माझ्या खांद्याला टेकून बसली.

“एकदा मात्र लाइन मध्येच तुटली होती,” सुहास म्हणाला. “पनवेलच्या शाळेशी होती. तुम्ही एका पॉइंटने मागे होता आणि चेंडू तुझ्या हातात होता. पुढच्या फोनला मी विचारायचं विसरलो आणि तू दुसरीच मॅच सांगितलीस. त्या दिवशी काय झालं गं पुढे?”

मी ओढणीने तोंड पुसलं, पाय पसरले आणि सांगायला लागले. अगदी शेवटचं मिनिट होतं, दोघी माझ्या अंगावर आल्या होत्या, समोर रिंग नीट दिसतही नव्हती. मी उडी मारली, आणि आम्ही एका पॉइंटने जिंकलो.